रॉबन फोर्डचा 'टॉक टू युअर डॉटर' (१९८८) आणि ब्लूजचा चौथा बार

मंद्रषड्ज

आयुष्यभर दुसऱ्याच्या साथीला बसलेला गिटारवाला स्वतःच्या नावाने ब्लूज-रॉकचा अल्बम काढतो, तेव्हा त्यातले सोलो कसे ऐकावेत आणि हातात कसे आणावेत, यासाठी हा धागा. उदाहरण एकच घेऊ: रॉबन फोर्ड.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म १९५१, कॅलिफोर्निया. सुरुवात सॅक्सोफोनने, गिटार नंतर आली. जिमी विदरस्पून या ब्लूज गायकाच्या मागे, मग टॉम स्कॉटच्या एल. ए. एक्स्प्रेसमध्ये, त्यामुळे गायिका जोनी मिचेलच्या साथीला. १९७४ मध्ये जॉर्ज हॅरिसनचा अमेरिका दौरा, १९८६ मध्ये माइल्स डेव्हिसचा बँड. १९७९ चा त्याचा सोलो अल्बम फ्यूजनकडे (जॅझ-रॉकच्या मिश्रणाकडे) झुकणारा होता आणि त्यातल्या साथीदारांतूनच पुढे यलोजॅकेट्स हा बँड उभा राहिला. 'टॉक टू युअर डॉटर' मात्र सरळ ब्लूजचा. साथीला बासवर रॉस्को बेक, ड्रमवर व्हिनी कोलायुटा, कीबोर्डवर रसेल फेरांटी.

माझं म्हणणं असं की या अल्बमचं मर्म बाराव्या फ्रेटच्या वरच्या उंच स्वरांत नाही, चौथ्या बारमध्ये (बार म्हणजे चार ठोक्यांचा खण) आहे. ए मध्ये बारा बारचं आवर्तन घ्या. पहिला बार ए सेव्हन कॉर्ड (ए, सी शार्प, ई, जी), दुसरा डी सेव्हन, तिसरा-चौथा ए सेव्हन, आणि पाचव्यावर डी सेव्हनची सम. बहुतेक जण चौथा बारही तिसऱ्यासारखाच वाजवतात, तीच पाच स्वरांची मायनर पेंटाटॉनिक. फोर्ड तिथे ताण वाढवतो, म्हणजे पाचव्या बारवर उतरल्यावर खरोखर घरी आल्यासारखं वाटतं. त्यासाठी तो हाफ-होल डिमिनिश्ड स्केल (आधी अर्ध्या, मग पूर्ण स्वराचं पाऊल, असं आलटून पालटून) वापरतो.

ए पासून स्वर: ए, बी फ्लॅट, सी, सी शार्प, डी शार्प, ई, एफ शार्प, जी. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. ए सेव्हनचे चारही स्वर यात आहेत, शिवाय कोमल रे, कोमल ग आणि तीव्र मध्यम हे तीन ताणाचे.

एका जागी बसणारी ओळ देतो. सगळ्यात बारीक तार पहिली. आठ सुटे आठवे स्वर (ठोक्याला दोन), चौथ्या बारच्या पहिल्या ठोक्यापासून:

दुसरी तार ७ (एफ शार्प), ५ (ई)
तिसरी तार ८ (डी शार्प), ६ (सी शार्प), ५ (सी)
चौथी तार ८ (बी फ्लॅट), ७ (ए), ५ (जी)
पाचव्या बारच्या समेवर चौथी तार ४ (एफ शार्प)

शेवटचा एफ शार्प हा डी सेव्हनचा गंधार. म्हणून ओळ उतरते. ही ओळ फोर्डची नाही, रीत त्याची आहे. बोटं: चौथ्या फ्रेटवर तर्जनी धरून हात ठेवला तर सगळं एका हातरुंदीत येतं.

---

खर्ज_आणि_खुंटी

ओळ बसली, पण बँडबरोबर चुकीची वाटते. एकट्याने वाजवली की मात्र छान. कशामुळे होत असेल? बॅकिंग ट्रॅक साधा ए ब्लूजचा आहे, वेग १२०.

---

मंद्रषड्ज

@खर्ज_आणि_खुंटी, तीन शक्यता, याच क्रमाने तपासा.

१) ट्रॅकमध्ये दुसरा बार डी सेव्हन आहे की ए सेव्हन? दोन्ही प्रकार चालतात. मोजताना एक बार पुढेमागे झाला तर डिमिनिश्ड तिसऱ्या बारमध्ये पडतं, उतरायला डी सेव्हन मिळत नाही आणि चौथा बार रिकामा लोंबकळतो. तोंडाने 'एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार' मोजा.

२) शेवटचा एफ शार्प समेवर न पडता अर्धा ठोका उशिरा पडतोय. चौथ्या बारमध्ये कितीही ताण चालतो, पण उतार समेवरच हवा. ओळ उलटी बसवा: आधी फक्त जी ते एफ शार्प. मग ए, जी, एफ शार्प. असे मागे एकेक स्वर जोडत जा. सुरुवातीपासून बसवलेली ओळ शेवटी ढिली पडते.

३) कदाचित होल-हाफ (उलट क्रम, आधी पूर्ण स्वराचं पाऊल) वाजत असेल. पुस्तकांत दोन्ही स्केल एकाच नावाने येतात. ए पासून होल-हाफ घेतलं तर शुद्ध गंधार नाही, कोमल निषाद नाही, उलट जी शार्प येतो आणि तो ए सेव्हनच्या जी वर सरळ आदळतो. डॉमिनंट सेव्हनवर पहिलं पाऊल अर्ध्या स्वराचं, एवढं लक्षात ठेवा.

---

डाव्याहाताचा

मूळ लेख पटला, पण सोलोच्या आधी साथ. जो माणूस जोनी मिचेलच्या आवाजामागे वाजवून आलाय तो सोलोतही कॉर्ड बदलताना ऐकू येतो. हे पेंटाटॉनिकच्या डब्यांतून (बोटांच्या ठरावीक आकारांतून) कळत नाही.

माझ्या मते धाग्यातला पहिला अभ्यास दोन तारांचा असायला हवा. फक्त तिसरी आणि चौथी तार:

ए सेव्हन: चौथी ५ (जी), तिसरी ६ (सी शार्प)
डी सेव्हन: चौथी ४ (एफ शार्प), तिसरी ५ (सी)
ई सेव्हन: चौथी ६ (जी शार्प), तिसरी ७ (डी)

बघा, ए वरून डी वर जाताना दोन्ही बोटं एक फ्रेट खाली, ई वर जाताना एक फ्रेट वर. अख्खा ब्लूज तीन शेजारच्या घरांत. हेच त्या कॉर्डचे गंधार-निषाद. बास मूळ स्वर वाजवतोय, तो तुम्ही पुन्हा वाजवण्याची गरज नाही. मूळ स्वर धरून सहा तारांचा बॅरे (एका बोटाने सगळ्या तारा दाबून कॉर्ड) मारला की बास आणि कीबोर्ड दोघांची जागा जाते, आणि मग ध्वनी व्यवस्थेवाल्याला गिटार खाली आणावीच लागते.

हे हातात बसलं की दुसरी तार जोडा. ए साठी दुसरी ७ (एफ शार्प), म्हणजे थर्टीन्थ (मूळ स्वरापासून तेरावा). डी साठी दुसरी ५ (ई), म्हणजे नाइन्थ (नववा). तीन तारांत जॅझचा रंग आला.

आता मूळ ओळीकडे पुन्हा पाहा. ती जी वरून एफ शार्पवर उतरते, म्हणजे चौथ्या तारेवरचं हेच ५ ते ४. डिमिनिश्ड ही सजावट, खालचा सांगाडा साथीचाच. सोलोत अडखळलात तर या दोन तारांवर परत या, कुणाला कळणारही नाही.

---

लामणदिवा

हे सगळं स्वरशास्त्र ठीक, पण या अल्बमचा आवाज डंबल अँपचा आहे, हे कोणीच कसं लिहिलं नाही? तोच जाड, गोड, तरी प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येणारा ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज). साध्या अँपवर हेच स्वर वाजवले तर फोर्ड येत नाही.

---

सोल्डरगन

@लामणदिवा, येत नाही हे अर्धं खरं. डंबल ओव्हरड्राइव्ह स्पेशल आतून कसा चालतो ते कळलं तर हाताशी असलेल्या सामानातून बरंच जवळ जाता येतं.

नेहमीच्या दोन चॅनलच्या अँपमध्ये क्लीन आणि ड्राइव्ह समांतर असतात. इथे ते एकामागे एक आहेत. आधी फेंडर धाटणीचा क्लीन भाग, दोन ट्रायोड (ट्यूबमधले आवाज वाढवणारे टप्पे) आणि त्यांच्यामध्ये टोनचे नॉब. ओव्हरड्राइव्ह चालू केला की त्या क्लीन भागाच्या *नंतर* आणखी दोन ट्रायोड जोडले जातात. परिणाम दोन. एक, क्लीनचा व्हॉल्यूम आणि बास-मिडल-ट्रेबल हे सगळे ड्राइव्हच्या आधी लागतात, म्हणून बास आधीच कमी केला तर ड्राइव्ह चिखल होत नाही. दोन, प्रत्येक टप्पा थोडाथोडाच फाटतो, एकच टप्पा ओरबाडला जात नाही. शिवाय प्रीअँप बूस्टची कळ आहे, ती टोनचे नॉब जवळपास बाजूला काढते आणि मधली पट्टी एकदम पुढे येते.

फोर्डचा अँप १०० वॉटचा, ६एल६ पॉवर ट्यूब, कॅबिनेटमध्ये दोन बारा इंची सेलेस्टियन जी१२-६५. अलेक्झांडर डंबल २०२२ च्या जानेवारीत गेले. अँप मोजकेच बनवले, सर्किटवर इपॉक्सी ओतून झाकायचे, त्यामुळे किमती सामान्य वादकाच्या आवाक्यात नाहीतच.

पण महत्त्वाचं हे: दौऱ्यावर जिथे डंबल नेता येत नाही तिथे फोर्ड स्वतः भाड्याचा फेंडर ट्विन आणि पुढे झेनड्राइव्ह पेडल वापरतो. ते पेडल डंबलचा बाज समोर ठेवूनच बनवलेलं. चार नॉब: व्हॉल्यूम, गेन, टोन, व्हॉइस.

सुरुवातीची मांडणी अशी ठेवून बघा. ट्विन किंवा तत्सम क्लीन अँपवर ब्राइटची कळ बंद, व्हॉल्यूम ३ ते ४, ट्रेबल ५, मिडल ७, बास ३, रिव्हर्ब २. पेडलचा गेन घड्याळात ११ वाजता, टोन १२, व्हॉइस ११ ते १, आणि व्हॉल्यूम क्लीनपेक्षा किंचित जास्त. गिटारवर नेक (गळ्याजवळचा) पिकअप, व्हॉल्यूम ७.

चूक होते ती गेनमध्ये. घरात हळू आवाजात गेन २ वाजता गोड वाटतो. तोच स्टेजवर नेला की स्पीकर आणि पॉवर ट्यूब स्वतःची भर घालतात आणि वरचे दोन-तीन स्वर एकमेकांत मिसळतात. त्या डी शार्प, सी शार्प, सी च्या घसरणीत प्रत्येक स्वर सुटा कळायला हवा. कळत नसेल तर गेन कमी, अँपचा व्हॉल्यूम जास्त.

---

लामणदिवा

धन्यवाद, एकामागे एक हे आज कळलं. एक विचारतो: अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ट्यूब अँप इथे लावायचा असेल तर?

---

सोल्डरगन

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, २३० ते ११०-१२० व्होल्ट. १०० वॉटचा ट्यूब अँप पूर्ण जोरात सुमारे ३०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) खेचतो, म्हणून किमान ५०० व्हीए घ्या. बाजारात मिक्सर-शेव्हरसाठी मिळणारे १०० व्हीएचे डबे यासाठी नाहीत, ते तापून जळतात. आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिकडे ६०. फक्त ६० साठी बांधलेला अँपचा ट्रान्सफॉर्मर इथे जास्त गरम होतो. मागे हवा खेळू द्या, भिंतीला चिकटवू नका.

बऱ्याच एक्स्पोर्ट अँपमध्ये आत २४० व्होल्टची जोडणी असते. ती करून घेतली तर फ्यूजही बदलावा लागतो: व्होल्ट दुप्पट, तर फ्यूजचे अँपिअर साधारण निम्मे, स्लो-ब्लोच. मागच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो, तोच पाळा. हे काम ट्यूब अँप जाणणाऱ्याकडूनच, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

आणि गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. हॉलमध्ये अर्थिंग नसेल तर माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो. सगळी पेडलं, अँप आणि शक्य असेल तर मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. गुणगुण बरीच कमी होते.

---

तिश्रजाती

साथीवरच्या प्रतिसादाला +१. पण ताल राहिला. 'टॉक टू युअर डॉटर' हे शीर्षकगीत शफल आहे. मूळ जे. बी. लेनॉयरचं, पन्नाशीच्या दशकातलं. लेनॉयरच्या रेकॉर्डमध्ये गिटारचा सोलो एकाच सुरावर ठाण मांडून आहे. तो ऐका आणि मग फोर्डचा ऐका. दोघांना जोडणारी गोष्ट स्वर नव्हे, शफलची चाल.

शफल म्हणजे प्रत्येक ठोक्याचे तीन भाग, त्यातला पहिला आणि तिसरा वाजतो, मधला मोकळा. तिश्र जातीची सवय असलेल्याला सोपं जावं, पण उलट होतं: आपण तिसरा भाग जरा लवकर टाकतो आणि ते सरळ आठव्या स्वरांकडे झुकतं. उपाय: मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्या टिकटिकीला दुसरा आणि चौथा ठोका समजा. म्हणजे खरा वेग १२०. पहिल्या दिवशी टिकटिक पहिल्या ठोक्यावर सरकते, हे होणारच. टाळी दोन-चारवर, पाय चारही ठोक्यांवर, तोंडाने 'धा-ऽ-गे धा-ऽ-गे', आणि त्यानंतरच गिटार.

मंद्रषड्ज यांनी आठ 'सुटे' स्वर लिहिले आहेत. शफलवर ते सरळ वाजवू नका, लांब-आखूड वाजवा. जोर प्रत्येक आखूड स्वरावर हलका, समेवर भरीव. तबलजी तिहाईच्या शेवटच्या 'धा' ला देतो तेवढा.

---

मंद्रषड्ज

बरोबर, 'सुटे' हा शब्द चुकला. लांब-आखूड असंच वाचावं.

---

जोगकंस

स्वरांच्या बाजूने थोडी भर. मायनर पेंटाटॉनिक म्हणजे स्वरांच्या दृष्टीने आपली धानी: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. इथवर सगळे पोचतात. फोर्डचा रंग दोन गंधारांच्या खेळात आहे, आणि त्यासाठी जोग राग ओळखीचा असला तर कान तयार असतो. चढताना शुद्ध ग, उतरताना कोमल ग कडे येणं. ब्लूजमध्ये क्रम बऱ्याचदा उलट: कोमल गंधारावरून शुद्धाकडे.

आणि मधली जागा. तिसरी तार, पाचवा फ्रेट, सी. तो पूर्ण सी शार्पपर्यंत ओढू नका, अर्ध्या वाटेवर थांबवा. फ्रेटवर नसलेला हा कोमल ग आणि शुद्ध ग यांच्यामधला स्वर म्हणजे ब्लूजचा प्राण. मात्र हा ए सेव्हनवरच. पाचव्या बारला डी सेव्हन आला की हाच सी त्याचा निषाद होतो. तिथे तो सरळ, न ओढता. तिथेही ओढला की कॉर्ड बदललाच नाही असं वाटतं. नव्याने शिकणाऱ्यांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच.

ओढण्याविषयी एक आकडा. २४.७५ इंच स्केलची गिटार २५.५ इंचांपेक्षा त्याच तारांवर सुमारे ६ टक्के कमी ताणाची असते, कारण ताण लांबीच्या वर्गावर चालतो. म्हणून एकाच हाताला एका गिटारवर हा पाव स्वर सापडतो आणि दुसऱ्यावर कमी पडतो. गिटार बदलली की आधी पाच मिनिटं फक्त हा एक स्वर ओढून कान जुळवा.

तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत साध्या स्टीलच्या तारा दोन-तीन आठवड्यांत खरखरीत होतात आणि फ्रेटवर घासून ओढ अडखळते. वाजवून झालं की तारांच्या खालूनही सुती कापड फिरवावं.

---

उंबरठा

अल्बम पहिल्यांदाच ऐकला. गाण्यांचा अभ्यासाला क्रम काय धरावा? आणि खरं सांगायचं तर आवाज थोडा चकचकीत वाटला, ऐंशीच्या दशकातला.

---

डाव्याहाताचा

चकचकीत आहे, मान्य. ड्रमवरची खोली मोठी, कीबोर्ड गुळगुळीत. पण गिटार मध्यभागी कोरडी ठेवली आहे, म्हणून शिकायला हा अल्बम सोपा. कोरडा आणि उघडा बाज हवा असेल तर १९९२ चा फोर्डच्याच ब्लू लाइन बँडचा अल्बम, त्यात बेक आणि ड्रमवर टॉम ब्रेक्टलाइन. साथीला कीबोर्ड नसेल तिथे फोर्ड सोलोच्या मधेमधे स्वतःच कॉर्ड टाकतो. वर दिलेले तीन तारांचे आकार तिथे लागतील.

क्रम: आधी शीर्षकगीत, शफलसाठी. मग 'हेल्प द पूअर', बी. बी. किंगमुळे माहीत असलेलं, मायनर वळणाचं, तिथे डिमिनिश्डचा मोह टाळायचा. मग 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', अल्बर्ट किंगचं १९६७ चं, बासच्या ओळीवर उभं, जागा सोडायला शिकवणारं. जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनचं 'एन्ट गॉट नथिन बट द ब्लूज' कॉर्डच्या अभ्यासासाठी. 'रेव्हलेशन' सगळ्यात शेवटी. ती फेरांटीची रचना, यलोजॅकेट्सनी १९८६ मध्ये आधी वाजवलेली, गॉस्पेल अंगाची. बारा बारचा आधार नाही, कॉर्ड ऐकता आले नाहीत तर वाट हरवते.

---

खर्ज_आणि_खुंटी

मंद्रषड्ज, मोजणीच चुकत होती, ट्रॅकमध्ये दुसरा बार डी आहे. आता उतरतं. पुढचा प्रश्न: आठव्या बारमध्ये काही जण एफ शार्प सेव्हन घेतात आणि नवव्याला बी मायनर. तिथे वेगळं स्केल शिकावं लागेल का?

---

मंद्रषड्ज

नाही, तेच. हे स्केल दर तीन फ्रेटला स्वतःवर येतं. ए, सी, डी शार्प आणि एफ शार्प या चारही सुरांपासूनचं हाफ-होल म्हणजे तेच आठ स्वर. एफ शार्प सेव्हनचे चारही स्वर, एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, ई, त्यात आहेत. ए शार्प म्हणजेच आपला बी फ्लॅट.

फक्त उतरायची जागा बदला. जुन्या ओळीचे पहिले दोन स्वर सोडा आणि शेवट खाली वाढवा:

तिसरी तार ८, ६, ५
चौथी तार ८, ७, ५, ४
पाचवी तार ७ (ई)
नवव्या बारच्या समेवर पाचवी तार ५ (डी)

डी हा बी मायनरचा कोमल गंधार. एक सावधगिरी: बासवाला आठव्या बारमध्ये ए सेव्हनवरच थांबणार असेल तर नववा बारही बहुतेक ई सेव्हन असतो, आणि मग समेवरचा डी त्याचा निषाद होतो. चालतो, पण तो लगेच पाचवी तार ४, सी शार्पवर सोडू नका. दहाव्या बारपर्यंत धरून ठेवा. सुरू करण्याआधी बासवाल्याला विचारून घ्या: आठव्याला एफ शार्प घेणार की नाही.